दोन घरचा पाहुणा

गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांची पटसंख्या रोडावत चालल्याचे गाऱ्हाणे आता जुने झाले आहे. दर वर्षी शाळा उघडण्याच्या सुमारास ते नव्याने मांडले जाते. सभा होतात, ठराव संमत होतात, मंत्र्यांना निवेदने दिली जातात. आणि सभेत मातृभाषेच्या नावाने गहिवरलेले वक्ते दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या नातवाला इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवून देतात. या साऱ्या गाऱ्हाण्यात एक गोष्ट मात्र सहसा कोणी उच्चारीत नाही. वास्को, मडगाव, म्हापसा आणि पणजी या शहरांच्या आसपास ज्या सरकारी मराठी शाळा अजून तग धरून आहेत, त्यांपैकी कित्येकींचा पट आज कोणाच्या मुलांनी भरलेला आहे? कोणीही हजेरीपुस्तक उघडून पाहावे. राठोड, लमाणी, तळवार, मादर, बडिगेर अशी आडनावे एकाखाली एक दिसतील. ज्या शाळा आपण सोडल्या, त्या शाळा उत्तर कर्नाटकातून पोटासाठी आलेल्या मजुरांच्या मुलांनी जिवंत ठेवल्या आहेत. ज्यांना आपण चारचौघांत 'भायले' म्हणतो आणि घरात 'घाटी', त्यांची लेकरे आपली बाराखडी गिरवीत आहेत. ही मुले कोण, ती कोणत्या ओढाताणीत वाढत आहेत आणि त्यांच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे की नाही, हा आजच्या आमच्या लेखनाचा विषय आहे.

ही माणसे येथे आली ती कोणाच्या जमिनी बळकावण्यासाठी नव्हे. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत या चिमुकल्या प्रदेशाचे रूप पालटले. खाणींचा पसारा वाढला, मुरगाव बंदर गजबजले, १९७३ साली झुआरीचा खतांचा कारखाना सुरू झाला, रस्ते, पूल, हॉटेले उभी राहू लागली. ही कामे करणारे हात गोव्यात पुरेसे नव्हते. जे होते, त्यांतील पुष्कळ मुंबईला, आगबोटीवर किंवा आखातात गेले होते. विजापूर, बागलकोट, गदग, हावेरी, कोप्पळ या कोरडवाहू मुलखात पावसाने दगा दिला की माणसे घर सोडत. मुकादम तांड्यावर जाई, उचल देई आणि कुटुंबेच्या कुटुंबे गोव्यात उतरवी. आपल्या इमारतींचे चिरे त्यांनी वाहिले, गटारे त्यांनी खणली, मासळीच्या पाट्या त्यांनी उचलल्या. बायणा, झुआरीनगर येथील वस्त्या अशाच वाढल्या. आज त्या वस्त्यांतील कित्येक मुलांचा बापही गोव्यातच जन्मलेला आहे. तिसऱ्या पिढीला आपण अजून 'कधी आलात?' असे विचारतो.

या मुलाचा एक दिवस पाहावा. झोपडीत आईशी तो लमाणी बोलतो. शेजारच्या घरी कन्नड. शाळेत गेला की मराठी. मधल्या सुटीत गावातील मुलांबरोबर खेळताना कोकणी. बाजारात हिंदी. दुकानांवरच्या पाट्या इंग्रजी. सहाव्या-सातव्या वर्षी पाच भाषांचा उंबरठा ओलांडणाऱ्या या मुलाला परीक्षेच्या कागदावर मात्र 'कच्चा' असा शेरा मिळतो. कारण पहिलीच्या पुस्तकातील शब्द त्याने घरात कधी ऐकलेला नसतो, आणि त्याला तो शब्द त्याच्या भाषेतून उलगडून सांगणारे शाळेत कोणी नसते. सगळे इयत्ता दोन-दोन मिळून एकाच खोलीत बसलेले, आणि शिक्षकाला शिकविण्याखेरीज जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे. अशा शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती आपण काहीच दिलेले नाही.

संध्याकाळी हाच मुलगा घरातला कर्ता होतो. बापाला रुग्णालयात न्यायचे तर डॉक्टरांशी बोलायचे त्यानेच. वीजखात्याची नोटीस आली, घरमालकाने दम दिला, पंचायतीत दाखल्यासाठी अर्ज करायचा झाला, तरी पुढे उभा राहायचा तोच. पोर्तुगीज दरबारात दुभाषाचे काम आमच्याकडील सारस्वत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. त्याबद्दल त्यांना मान होता आणि वेतनही. या दहा वर्षांच्या दुभाषाला दोन्ही नाहीत. उलट, ज्या गोष्टी मुलाच्या कानी पडू नयेत असे आईबापांना वाटते, त्या याच्याच तोंडून त्यांना ऐकाव्या लागतात. कर्ज किती थकले, आजार केवढा आहे, साहेब काय बोलून अपमान करीत आहे, हे त्यालाच सांगावे लागते. बापाचा अपमान भाषांतर करून बापालाच सांगण्याची पाळी ज्या मुलावर येते, त्याच्या मनात बापाविषयी काय उरते आणि आपल्या भाषेविषयी काय उरते, याचा विचार करावा. आरशांच्या तुकड्यांनी मढवलेला आईचा पेहराव ज्याने बालपणी कौतुकाने चाचपला, तोच मुलगा पुढे शाळेच्या फाटकापाशी त्या आईला ओळख देत नाही. ही कृतघ्नता नव्हे. आपल्या हसण्याची ती शिकवण आहे.

बरे, मूळ गावी तरी त्याला थारा आहे काय? पेरणीला, जत्रेला, लग्नकार्याला कुटुंब तांड्यावर जाते. तेथे त्याची कन्नड अडखळते, वाक्यात मराठी-कोकणी शब्द येतात आणि भाऊबंद त्याला 'गोव्याचा' म्हणून चिडवतात. महिन्या-दीड महिन्याने परत येतो, तो शाळेच्या पटावरून नाव कमी झालेले असते. तेथे गोव्याचा आणि येथे घाटी! दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपण चेष्टेने वापरतो. या मुलांच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते, आणि हा पाहुणा आपण होऊन दोन घरे फिरायला निघालेला नसतो.

कागदोपत्रीही त्याची हीच गत आहे. लमाणी समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो, तेलंगणात तो अनुसूचित जमातींत आहे, महाराष्ट्रात विमुक्त जातींत. गोव्याच्या अनुसूचित जातींच्या यादीत अवघ्या पाच जाती आहेत आणि लमाणी त्यांत नाहीत. या याद्या राज्यवार असल्याने कर्नाटकातील सवलत येथे चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचा रोख आहे. म्हणजे आजोबांचा तांडा सोडताना या मुलाने केवळ शेत आणि पार सोडला असे नव्हे, राज्यघटनेने त्याच्या समाजाला दिलेला आधारही तो हद्दीवर ठेवून आला. इकडे सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला हवा. तो मिळवायचा तर भाडेपट्टा, घरपट्टी, वीजबिल यांचे कागद हवेत. आणि ज्याचे घरच कोणत्या कागदावर नाही, त्याने हे कागद आणायचे कोठून?

आता दुसरी बाजू. ती दडवून ठेवणे हा प्रामाणिकपणा नव्हे. गोवा हे अवघ्या ३,७०२ चौरस किलोमीटरांचे राज्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. मातृभाषा कोकणी सांगणारे सुमारे ६६ टक्के, मराठी सांगणारे सुमारे ११ टक्के आणि हिंदी सांगणारे जवळजवळ तितकेच, सुमारे १० टक्के. आपलेच गाव आपल्याला अनोळखी वाटू लागले, ही गोमंतकीयाच्या मनातील धास्ती निराधार नाही. तिला संकुचितपणा म्हणून हिणवणाऱ्या दिल्ली-मुंबईच्या शहाण्यांशी आम्ही सहमत नाही. मतांसाठी रातोरात झोपड्या उभ्या करणारे आणि त्या झोपड्यांना नळजोडणी देऊन मतपेढी बांधणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. पाण्यावर, रुग्णालयांवर, घरांच्या भाड्यांवर ताण पडतो हेही खरे. परंतु धास्ती खरी असली म्हणून तिचे बोट योग्य माणसाकडेच वळते असे नव्हे. डोंगर कापून तेथे बंगल्यांच्या वसाहती कोण उभ्या करीत आहे? वर्षातून पंधरा दिवस येऊन राहण्यासाठी गावचे गाव विकत कोण घेत आहे? त्या विक्रीखतावर विकणाराची सही कोणाची आहे? जमीन विकली ती गोमंतकीयाने, घेतली ती महानगरातील धनिकाने, त्या जमिनीचे रूपांतर करून दिले ते शासनाने. आणि राग निघतो तो त्या बंगल्याची वाळू चाळणाऱ्या बाईवर आणि तिच्या पाठीशी झोळीत निजलेल्या पोरावर. बलवंताला नमस्कार आणि दुबळ्याला दटावणी, ही अस्मिता नव्हे.

शिवाय स्थलांतराविषयी तिरस्काराने बोलण्याचा अधिकार गोमंतकीय हिंदूला तर मुळीच नाही, कारण आपले देवसुद्धा विस्थापित आहेत. १५६० साली कुठ्ठाळीहून श्रीमंगेश रातोरात झुआरीपार प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या अंत्रुज महालाने त्यांना जागा दिली. तेथील लोकांनी 'हे देव आमच्या गावचे नव्हेत' असे म्हटले असते तर आज आपण कोणाच्या पालखीला खांदा दिला असता? देवांबरोबर माणसेही निघाली. कोणी कारवारला, कोणी मंगळूरला, कोणी थेट कोचीला. कोचीच्या सारस्वतांनी तेथे देवालय उभारले, मल्याळम आत्मसात केली आणि घरातली कोकणीही राखली. चारशे वर्षांनंतरही त्यांच्या चुलीपाशी ती ऐकू येते. त्यामुळे केरळ बुडाला नाही आणि सारस्वतही बुडाले नाहीत.

दोन संस्कृतींच्या मध्ये वाढणे म्हणजे काय, हे पोर्तुगीज अमदानीतील हिंदू मुलालाही ठाऊक होते. सरकारी शाळेत पोर्तुगीज, घरात कोकणी, आणि पोथी, कीर्तन, नाटक, पत्रव्यवहार मराठीत. १९०८ साली पणजीत मुष्टिफंड संस्थेने घरोघरची मूठमूठ तांदूळ गोळा करून मराठी शाळा चालवली, ती याच मधल्या अवस्थेतील मुलांसाठी. त्या अवस्थेने माणसे खुजी झाली काय? बा. भ. बोरकरांनी मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषांत काव्य लिहिले. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही भाषांत लिहीत. आणि त्याही पूर्वी, १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रजाने येथील भाषा शिकून १६१६ साली ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' सिद्ध केले. परका माणूस आपली भाषा शिकतो तेव्हा भाषा बाटत नाही, ती वाढते. दोन भाषा मनात सुखाने नांदू शकतात. मात्र त्यांतील एकीची लाज वाटावी असे वातावरण भोवती असता कामा नये. या एका अटीवर सारे अवलंबून आहे.

आज आपली मुलेही परमुलखात आहेत. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने जी नागरिकत्वाची वाट खुली ठेवली, तिच्यावरून हजारो गोमंतकीय लिस्बनच्या कागदावर लंडन आणि स्विंडनला गेले. २०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० रोजी तो देश संघाबाहेर पडला आणि जून २०२१ च्या मुदतीपूर्वी राहण्याच्या हक्कासाठी अर्ज करण्याची धावपळ आपल्या माणसांना करावी लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली उसळल्या, तेव्हा गोव्यातील किती आयांनी रात्री जागून दूरध्वनीची वाट पाहिली असेल! तेथील शाळेत आपल्या नातवाच्या इंग्रजीला कोणी हसू नये, त्याला हात धरून शिकवणारी शिक्षिका भेटावी, 'परत जा' असे त्याला कोणी म्हणू नये, ही आपली रास्त अपेक्षा आहे. मग तीच अपेक्षा बायण्याच्या झोपडीतील आजीने आपल्याकडून बाळगली तर ती आगळीक कशी? अमेरिकेत मराठी मंडळे रविवारी शाळा भरवतात, तेथे कॅलिफोर्नियातील बालक 'अ अननसाचा' म्हणते आणि आपण त्याचे छायाचित्र कौतुकाने घरोघर दाखवतो. झुआरीनगरच्या सीताबाईचा म्हणा वा शांताबाईचा म्हणा, मुलगा आठवड्याचे सहा दिवस तेच शिकतो. त्याचे कौतुक कोणी करायचे?

आफ्रिकेतील गोमंतकीयांची कथा तर अधिकच बोलकी आहे. १९७२ साली इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला, त्यांत गोमंतकीय कुटुंबेही होती. तेथेच जन्मलेल्यांना 'तुमच्या देशात जा' असे सांगण्यात आले. उलट केनियात नैरोबीला १९२७ साली जन्मलेला, भारतात शिकलेला पियो गामा पिंटो हा गोमंतकीय तरुण आधी गोवामुक्तीच्या कार्यात पडला आणि पोर्तुगीजांची अटक चुकवून परत गेल्यावर केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढला. ब्रिटिशांनी त्याला १९५४ साली पकडून कित्येक वर्षे स्थानबद्ध केले. स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्याचा खून झाला. दोन देशांचा होता म्हणून तो कोणाचाच नव्हता असे कोण म्हणेल? तो दोघांचाही होता, आणि दोघांसाठी त्याने किंमत मोजली.

मुक्तिलढ्याच्या दिवसांची आठवण येथे करून देणे आम्हांला अगत्याचे वाटते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर तिरंगा घेऊन जे चालत आले, ते काही पेडण्या-सत्तरीचेच नव्हते. पंजाबचा कर्नेलसिंग तेथे छातीवर गोळी घेऊन पडला. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोद्राबाई राय जखमी झाल्या. बेळगाव, पुणे, सोलापूर, कोठून कोठून माणसे आली. त्यांच्यापैकी पुष्कळांना गोव्याची ओढ्या-नाल्यांची नावे ठाऊक नव्हती, कोकणीचा शब्द येत नव्हता. त्या दिवशी कोणी त्यांच्याकडे रहिवासाचा दाखला मागितला नाही. बाहेरच्यांच्या रक्ताचे ऋण घेताना आपण आढेवेढे घेतले नाहीत. आता बाहेरच्यांच्या घामाचे देणे चुकते करताना का कू करणे शोभत नाही.

करावयाचे काय, ते अवघड नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सांगतो की मुलाला वयानुरूप वर्गात घ्यावे, मागे पडलेल्यास विशेष शिकवणी द्यावी आणि जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारू नये. राज्यघटनेचे ३५० अ कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेच्या सोयीची अपेक्षा करते. प्रत्येक तांड्यासाठी वेगळी शाळा काढा असे आमचे म्हणणे नाही. वेगळ्या शाळेने मुलगा अधिकच वेगळा पडेल. परंतु ज्या शाळेत अशी मुले बहुसंख्य आहेत, तेथे पहिली दोन वर्षे कन्नड किंवा लमाणी जाणणारी एक मदतनीस बाई नेमणे राज्याला जड नाही. त्याच वस्तीतील दहावी-बारावी झालेल्या मुली या कामाला मिळतील. त्यांना वेतन मिळेल आणि मुलांना आपल्यातलीच एक 'बाई' फळ्यापाशी उभी दिसेल. हंगामात गावी गेलेल्या मुलाचे नाव पटावरून न काढता परतल्यावर त्याची बुडालेली शिकवणी भरून काढावी. बांधकाम कामगारांच्या नावाने १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर उपकर बसवला गेला. त्या नावाने जमणाऱ्या पैशातून कामाच्या जागी बालवाडी चालू शकत नाही काय? आणि रुग्णालयात, मामलेदार कचेरीत दुभाषाची सोय केली, तर दहा वर्षांचे मूल शाळा बुडवून तेथे उभे राहणार नाही.

सरकारने करावयाचे ते सरकार करील किंवा न करील. समाजाने करावयाचे कोणाच्या आदेशावाचून होऊ शकते. आपल्या गावात उत्सवाला नाटक होते, शिगम्याचा मेळ निघतो, भजनी मंडळे आहेत. त्यांत या मुलांना हाक मारावी. ज्याच्या बापाने सभामंडपाच्या लाद्या बसवल्या, त्या मुलाला त्या मंडपात बालनटाची भूमिका मिळायला हरकत कसली? आणि हे करताना त्याला त्याची यल्लम्मा, त्याचे सेवालाल महाराज सोडण्याची अट घालू नये. आपले देव घेऊन दुसऱ्याच्या गावी गेलेल्यांचे आपण वंशज आहोत. त्याला आपली भाषा द्यावी, त्याची काढून घेऊ नये.

सक्तीने कोणी गोमंतकीय होत नाही आणि हिणवून तर कोणी होतच नाही. ज्या मुलाला आज आपण वर्गात सामावून घेऊ, तो उद्या या भूमीच्या डोंगरासाठी, नदीसाठी, भाषेसाठी आपल्या खांद्याला खांदा लावून उभा राहील. ज्याला फाटकाबाहेर ठेवू, त्याचा वाली होण्यासाठी झोपडपट्टीचे पुढारी टपलेलेच आहेत. आणि मग मतपेढ्यांच्या नावाने बोटे मोडण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही. आपली मुले जी शाळा सोडून गेली, तिचा दिवा तेवता ठेवणारी ही मुले आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो प्रत्येक घर 'तिकडे जेवला असेल' असे म्हणते म्हणून. निदान आपल्या घराने तरी तसे म्हणू नये.